रेकॉर्डिंगवाला बॉक्स

आमचा सेट-टॉप बॉक्स आता शेवटच्या घटका मोजतो आहे. रिमोटची कळ दाबल्यावर वाहिनी बदलायची की नाही याचा तो आधी विचार करतो आणि मग सवडीने निर्णय कळवतो. तो बदलायचा, हे घरात एकमताने ठरले आहे. मतभेद आहे तो नवा बॉक्स साधा घ्यावा की आत हार्ड डिस्क असलेला, म्हणजे कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवणारा घ्यावा, याबद्दल. दोन्हींच्या किमतींतला फरक डोळे पांढरे करणारा नाही. परंतु जी सोय नसली तरी आजवर काही अडले नाही, तिच्यासाठी जादा पैसे मोजताना मध्यमवर्गीय मन जितके सावध होते, तितके ते सोने घेतानाही होत नाही.

असे रेकॉर्डर काही नवे नाहीत. अमेरिकेत टिव्होचे यंत्र १९९९ साली बाजारात आले आणि आपल्याकडे डीटीएचवाल्यांचे रेकॉर्डिंगचे बॉक्स २००८च्या सुमारास दिसू लागले. त्याआधी व्हीसीआर होता; पण तो बहुतेकांच्या घरी यायचा भाड्याने, एका रात्रीपुरता, आणि उजाडेपर्यंत चित्रपट पाहून परत जायचा. ज्यांच्याकडे तो स्वतःचा होता, त्यांच्या कॅसेट झिजायच्या आणि प्रतीची प्रत काढली की चित्र आणखी फिके पडायचे. नव्या बॉक्सचे तसे नाही. उपग्रहावरून जो डिजिटल प्रवाह घरात येतो, तोच डिस्कवर जसाच्या तसा उतरतो, त्यामुळे थेट पाहिलेले आणि नंतर पाहिलेले यांत चित्राच्या दृष्टीने काही फरक राहत नाही. एचडी कार्यक्रमाच्या एका तासाला ढोबळमानाने चार जीबी जागा धरली, तर ५०० जीबीच्या डिस्कमध्ये सव्वाशे तास मावतात.

आता हे सव्वाशे तास भरायचे कशाने? मालिकांनी, असे उत्तर सहज सुचते. पण मराठी मालिका चुकवणे हीच मुळात अवघड गोष्ट आहे. रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा लागतो, रविवारी महाएपिसोड असतो, आणि एवढे करूनही काही निसटलेच तर पुढच्या भागाच्या सुरुवातीला मागचा सारांश असतोच. जाहिराती वगळता येतात हे मात्र खरे सुख आहे. नियमाने तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिरातींना परवानगी आहे, म्हणजे अर्ध्या तासाच्या मालिकेतली सहा मिनिटे हक्काने परत मिळतील. पण त्याच सहा मिनिटांत आई कुकर बंद करते, पत्नी उद्याची भाजी निवडायला घेते आणि मालिकेतल्या सुनेने तसे बोलायला नको होते, यावर दोघींची चर्चा होते. जाहिराती गेल्या तर भाजी केव्हा निवडायची, हा प्रश्न वाटतो तितका विनोदी नाही.

क्रिकेटसाठी घ्यावा, असे आमचे चिरंजीव म्हणतात, आणि माझे मन सर्वांत जास्त डळमळते ते इथेच. माझ्या पिढीला चित्रण नसण्याचे दुःख चांगले ठाऊक आहे. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेविरुद्ध १७ धावांत ५ गडी गमावलेल्या भारतीय संघाला कपिल देवने नाबाद १७५ धावा करून बाहेर काढले; पण बीबीसीचे कॅमेरे त्या दिवशी तिथे नव्हते आणि ती खेळी ऐकीव वर्णनांतून व मोजक्या छायाचित्रांतूनच आपल्यापर्यंत आली. असे काही पुन्हा घडले तर ते आपल्याजवळ असावे, हा मोह स्वाभाविक आहे. मात्र आता मैदानावर कॅमेऱ्यांची इतकी गर्दी असते की जपण्याजोगे जे असेल ते दुसरे कोणीतरी आधीच जपून ठेवते. आणि ज्या सामन्याचा निकाल शेजारच्या गल्लीतल्या फटाक्यांनी आधीच जाहीर केला आहे, तो रात्री जेवणानंतर निवांत पाहण्यात ताज्या सामन्याची मजा नसते. शिवाय यंत्र वेळापत्रकाप्रमाणे चालते आणि क्रिकेट चालत नाही. रेकॉर्डिंग लावताना हाताने पुढचा एक तास जोडायचे विसरले, तर नेमके शेवटचे षटक हातचे जाते.

एक अट मला विशेष खुपते. डिस्क आपण पैसे देऊन घेतलेली असली, तरी तिच्यावर उतरलेला कार्यक्रम त्याच बॉक्सच्या कुलपात राहतो. तो काढून दुसऱ्या टीव्हीवर पाहता येत नाही, बॉक्स बिघडला की त्याच्याबरोबर आतला ऐवजही जातो, आणि ज्या दुकानात मी चौकशी केली तिथे वर्गणी थकली तर जुने रेकॉर्डिंगही दिसणार नाही, असे सांगण्यात आले. हौसेने घेतलेल्या दिवाळी अंकांचा गठ्ठा पुढची दिवाळी येईपर्यंत न वाचलेला राहतो, तशीच गत या साठ्याची होणार, हे मला दिसते आहे. फरक इतकाच की अंक निदान रद्दीत तरी घालता येतात. पावसाळ्याचे तर बोलायलाच नको. डीटीएचच्या लहरींना जोरदार पाऊस सोसत नाही, त्यामुळे जुलैच्या संध्याकाळी आपण बाहेर अडकलेलो असताना घरचे यंत्र इमानेइतबारे ‘सिग्नल उपलब्ध नाही’ ही पाटी तासभर रेकॉर्ड करत बसणार.

इतके सगळे प्रतिकूल असूनही माझा कल आता घेण्याकडे झुकला आहे, आणि त्याचे कारण रेकॉर्डिंग हे नाही. बाबांना अलीकडे कमी ऐकू येते. आवाज वाढवला तर बाकीच्यांना बसवत नाही, आणि वाढवूनही पार्श्वसंगीताखाली दबलेला संवाद त्यांना लागत नाहीच. मग ते विचारतात, ‘काय म्हणाली रे ती?’ आम्ही सांगेपर्यंत पुढची दोन वाक्ये निघून गेलेली असतात आणि त्यांनाही पुन्हा विचारायचा संकोच होतो. हा बॉक्स चालू कार्यक्रमही सतत डिस्कवर उतरवत असतो, त्यामुळे तो मध्येच थांबवता येतो, दहा-वीस सेकंद मागे नेता येतो. मोबाइलवरच्या ॲपमध्येही हे होते, असे मुलगा सांगतो. पण बाबांना वाहिन्यांचे क्रमांक पाठ आहेत आणि पडद्यावर एकेक अक्षर निवडत कार्यक्रम शोधणे त्यांना मान्य नाही. कोणालाही न विचारता, स्वतःच्या अंगठ्याने एक वाक्य पुन्हा ऐकता येणे, याची किंमत वरच्या फरकापेक्षा नक्कीच जास्त आहे.

तेव्हा निर्णय झाला म्हणायला हरकत नव्हती. परंतु एक कार्यक्रम पाहत असताना दुसरा रेकॉर्ड करायचा, तर या बॉक्सला छत्रीपासून दोन स्वतंत्र तारा लागतात, असे दुकानदाराने कालच सांगितले. सोसायटीच्या गच्चीवरून आधीच उतरलेल्या तारांविषयी सेक्रेटरीसाहेबांची मते ठाम आहेत. बाबांच्या कामाला एकच तार पुरेल, असा माझा युक्तिवाद आहे. चिरंजीवांनी मात्र दुसऱ्या तारेसाठी अर्ज लिहून ठेवला आहे.