आलुबुखाराच्या वाइनचा गढूळपणा

घरगुती फळवाइन तपासून तिच्यातले दोष काढून देणे हे माझे काम. एकदा एक वयस्कर गृहस्थ आलुबुखाराच्या वाइनचा 20 लिटरचा बुधला घेऊन आले. आंबण्याची क्रिया थांबून चार महिने झाले होते आणि चवही छान होती. पण बुधल्यामागे दिवा धरला की ज्योतीऐवजी नुसता धुरकट पिवळा डाग दिसे.

असा गढूळपणा प्रथिनांचा असणार, असे गृहीत धरून मी बेंटोनाइट वापरले. ही माती गरम पाण्यात घोटून दिवसभर फुगू दिली, की तिच्या ऋणभारित कणांना वाइनमधली धनभारित प्रथिने चिकटतात आणि दोन्ही मिळून तळाला बसतात. लिटरला अर्धा ग्रॅम या हिशेबाने मी 10 ग्रॅम घातले. आठवड्याभरात तळाशी करडा थर बसला, वाइन मात्र होती तशीच राहिली.

मग गढूळ कण खाली बसवणारे दुसरे द्रव्य म्हणून मी जिलेटिन भिजवायला घेणार, तोच ते सहज म्हणाले, “रस जास्त सुटावा म्हणून फळं चांगली शिजवून घेतली होती.” माझा हात तिथेच थांबला. शिजवल्याने फळातले पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा चिकट पदार्थ, भरपूर सुटते, आणि ते गढूळ कणांना एकत्र येऊच देत नाही. परीक्षानळीत एक भाग वाइन आणि चार भाग स्पिरिट घेऊन नळी हलवली, तर काही मिनिटांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे पेक्टिनचे चिकट धागे वर तरंगू लागले. पाच मिनिटांची ही चाचणी मी सगळ्यात आधी करायला हवी होती.

पेक्टिनेज हे विकर (एन्झाइम) पेक्टिनचे तुकडे करते. पण ते स्वतःच प्रथिन असल्यामुळे बेंटोनाइट त्यालाही धरून ठेवते. म्हणून आधी नळीने वाइन गाळावरून अलगद उतरवून घेतली. मद्यार्कात विकर मंदावते, त्यामुळे ताज्या रसाला लागते त्याहून जास्त मात्रा दिली आणि बुधला उबदार जागी ठेवला. स्पिरिटमध्ये धागे दिसेनासे झाल्यावरच जिलेटिनचा विचार केला, आणि तोही 100 मिलिलिटरच्या चार नमुन्यांवर वेगवेगळ्या मात्रा पाहून, कारण जिलेटिन जास्त झाले तर तुरटपणा देणारे टॅनिन आणि रंग दोन्ही ओढून नेते. सर्वांत कमी मात्रेचा नमुनाही नितळ झाला, म्हणून तीच मात्रा बुधल्याला दिली.

न्यायला आले तेव्हा त्या गृहस्थांनी बुधल्यामागे आपला पंजा धरला आणि लालसर वाइनमधून दिसणारी बोटे ते बराच वेळ हलवून पाहत राहिले.