तुम्ही विचारलंत म्हणून: लस घेऊनही न्यूमोनिया झालाच कसा?

‘लस घेतली होती की, मग न्यूमोनिया झालाच कसा?’ मी लहान मुलांची डॉक्टर. हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. विचारणारे बहुतेक आईबाप असतात, कधी आजी-आजोबा. पण सगळ्यांत चिडून तो विचारला माझ्या वडिलांनी, नाकाला ऑक्सिजनची नळी असताना. त्यांना लस घ्यायला मीच लावली होती.

तेव्हा मी काही बोलले नाही. धाप लागलेल्या माणसापुढे व्याख्यान देऊ नये, एवढं मला कळतं. ते राहिलेलं उत्तर इथे देते.

घोळ नावापासूनच आहे. ‘न्यूमोनियाची लस’ हे नाव ज्याने कुणी रूढ केलं, त्याच्यावर माझा कायमचा राग आहे. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत संसर्ग होऊन पू-पाणी साचलं की त्याला न्यूमोनिया म्हणायचं. मग तो संसर्ग जीवाणूमुळे झालेला असो, विषाणूमुळे किंवा बुरशीमुळे. ही लस त्यांतल्या फक्त एका जीवाणूवर आहे: न्यूमोकोकस. जंतू साधा नाही. मेंदूच्या आवरणाला सूज आणतो, रक्तात पसरतो, आणि मुलांचे कान फुटतात त्यातही पुष्कळदा त्याचाच हात असतो. पण आहे तो एकच.

वर त्याचे अंगरखे शंभरावर. प्रत्येक प्रकाराभोवती वेगळ्या घडणीच्या शर्करेचं जाड आवरण असतं आणि आपलं शरीर त्याला ओळखतं ते या आवरणावरून. एकाची ओळख पटली म्हणून दुसऱ्याची पटतेच असं नाही. म्हणून लशीत जास्त उपद्रवी प्रकार निवडून घालतात. बाटलीवरचे १०, १३, १५, २०, २३ हे आकडे म्हणजे त्या प्रकारांची संख्या.

इथे हमखास एक उपप्रश्न येतो: ‘मग २३ वालीच द्या ना, सगळ्यांत भारी!’ आकडा मोठा म्हणून लस भारी, हा हिशेब इथे चालत नाही. २३ प्रकारांची लस १९८३ची. तिच्यात नुसती शर्करा आहे. दोन वर्षांखालच्या मुलाचं शरीर नुसत्या शर्करेला नीट दादच देत नाही. मोठ्यांमध्ये प्रतिपिंडं तयार होतात, पण स्मृती राहत नाही आणि काही वर्षांत जोर ओसरतो. यावर तोड अशी निघाली की शर्करेला एक प्रथिन जोडायचं. प्रथिन दिसलं की बाळाचीही प्रतिकारशक्ती कान टवकारते आणि सोबतची शर्कराही लक्षात ठेवते. अशा जोडलशीला आम्ही कॉन्जुगेट म्हणतो. बाळांसाठीची अशी पहिली लस २००० साली अमेरिकेत आली. तिच्यात फक्त ७ प्रकार होते.

त्या सात प्रकारांनी जे केलं ते मला अजूनही थक्क करतं. लस टोचली बाळांना आणि लशीतल्या प्रकारांचे गंभीर आजार कमी झाले त्यांच्या आजी-आजोबांचेसुद्धा. कारण या जंतूचा मुक्काम असतो लहान मुलांच्या नाकाघशात. मूल ठणठणीत असतं, नुसतं शेंबूड पुसत फिरतं, आणि जंतू घरभर वाटतं. नाकातला मुक्काम हलला की वाटपही थांबतं. अर्थात जंतूही काही कमी नाही. रिकाम्या झालेल्या जागेत लशीत नसलेले प्रकार शिरले, त्यांत १९ए नावाचा एक विशेष चिवट निघाला. २०१०च्या १३ प्रकारांच्या लशीत मग त्यालाही घेतलं. तेव्हापासून ही पाठशिवणी चालूच आहे.

बाळांचं वेळापत्रक फार अवघड नाही. सहाव्या आठवड्यापासून सुरुवात करता येते आणि साधारण तीन डोस लागतात. काही देश तिन्ही डोस पहिल्या काही महिन्यांतच देतात, काही दोन लवकर देऊन तिसरा नऊ महिन्यांनंतर. साधी सर्दी आहे म्हणून डोस पुढे ढकलायची गरज नसते. जोराचा ताप किंवा मोठं आजारपण असेल तर थांबावं, आणि आधीच्या डोसाची तीव्र ॲलर्जी आली असेल तर पुढचा देत नाहीत. टोचलेली जागा दुखते, दिवस-दोन दिवस अंग कोमट राहतं, मूल किरकिरतं. लशीत जिवंत जंतू नसतो, त्यामुळे लशीनेच न्यूमोनिया झाला असं होऊ शकत नाही.

आता मोठ्यांचं. इथे एक अभ्यास सांगायलाच हवा, कारण वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात जवळजवळ जसंच्या तसं आहे. नेदरलँड्समध्ये पासष्टीपुढच्या सुमारे ८५,००० लोकांवर १३ प्रकारांच्या लशीची चाचणी झाली. निष्कर्ष २०१५ साली छापून आले. लशीतल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया सुमारे ४५ टक्क्यांनी घटला. त्याच प्रकारांचा रक्तात वगैरे पसरणारा गंभीर आजार ७५ टक्क्यांनी घटला. पण सगळ्या कारणांचा न्यूमोनिया एकत्र मोजला, तर म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. लस फसली म्हणावं तर ज्या जंतूंसाठी ती केली ते तिने अडवले. बाकीच्यांशी तिचा संबंधच नव्हता.

‘अँटिबायोटिक आहेत की!’ असंही ऐकते. पेनिसिलिन आल्यावर डॉक्टरांनाही हेच वाटलं आणि १९४०च्या दशकातली न्यूमोकोकसची लस मागे पडली. पुढे रॉबर्ट ऑस्ट्रियन या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की जे रुग्ण पहिल्या पाच दिवसांत दगावतात, त्यांना पेनिसिलिनचा फारसा उपयोग होत नाही. तेच लशीच्या मागे लागले आणि १९७७ साली १४ प्रकारांची लस मंजूर झाली.

मोठ्यांपैकी कुणी घ्यावी? पासष्टीपुढच्यांनी तर घ्यावीच. अमेरिकेने ही मर्यादा २०२४ मध्ये पन्नाशीवर आणली. त्या वयाआधीही मधुमेह, हृदय-फुप्फुस-मूत्रपिंडाचे जुने आजार किंवा कर्करोगाचे उपचार चालू असणाऱ्यांनी घ्यावी. सिगारेट ओढणाऱ्यांनीही (हे ऐकून न ऐकल्यासारखं करतात). प्लीहा काढलेल्यांना मात्र मी विनवणीच करते. रक्तातले असे अंगरखेवाले जंतू गाळून काढणं हे प्लीहेचं काम. ती नसेल तर सकाळी ताप आलेला माणूस रात्रीपर्यंत अत्यवस्थ होऊ शकतो. शस्त्रक्रिया आधी ठरली असेल तर किमान दोन आठवडे आधी लस घ्यावी. २० प्रकारांची कॉन्जुगेट मिळाली तर मोठ्यांना एका डोसात काम होतं. १५ची घेतली तर साधारण वर्षाने २३ची जोड देतात.

आणि ज्यांना कुणी ‘न्यूमोनियाची’ म्हणत नाही अशाही लशी आहेतच. गोवराने दगावणारी मुलं बहुतेक वेळा न्यूमोनियानेच दगावतात, म्हणजे गोवराची लस ही न्यूमोनियाचीही झाली. डांग्या खोकल्याची तशीच, हिब नावाच्या जीवाणूवरची तशीच. फ्लूची तर दुहेरी: फ्लू स्वतः फुप्फुसं बिघडवतो आणि मागून न्यूमोकोकसला वाट करून देतो.

वडिलांच्या रिपोर्टमध्ये फ्लूच निघाला. त्या वर्षी फ्लूची लस त्यांनी ‘दरवर्षी काय तेच तेच’ म्हणून टाळली होती, आणि मीही जोर धरला नव्हता. मागून न्यूमोकोकस आला नाही तो आधीच्या लशीमुळे की नशिबाने, हे एका माणसावरून सांगता येत नाही. पाचव्या दिवशी ते घरी आले.

पुढच्या वर्षी आपणहून माझ्याकडे आले. समोर एका बाळाला मांडीत सुई दिलेली त्यांनी पाहिली आणि विचारलं, ‘त्याला मांडीत आणि मला दंडात का गं?’ म्हटलं, ‘अण्णा, एवढ्याशा दंडाला पुरेसा स्नायू नसतो.’

त्यांनी बाही वर केली, आपला दंड चाचपला आणि म्हणाले, ‘मग मलाही मांडीतच दे.’