शिक्का नसलेली पुस्तकं

बुधवार, रात्री

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातली कोणती पुस्तकं वापरली जात नाहीत, यावरचा माझा पेपर जर्नलला पाठवला होता. तीन महिन्यांनी आज त्यावर अभिप्राय आला, तोही नेमका नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायलींचा ढीग टेबलावर असताना. पेपर नाकारलेला नाही, पण दुरुस्त्या मोठ्या आहेत. तिसरा मुद्दा वाचला आणि कान गरम झाले. जर्नलच्या परीक्षकाने विचारलंय, पुस्तकांची संगणकीय देवघेव सुरू झाल्यावर पुस्तकात चिकटवलेल्या तारखेच्या पट्टीवर शिक्के मारणं चालू होतं का?

नव्हतं. २०१२ ला बारकोड आले आणि शिक्का बंद केला तो मीच. त्याचं जांभळं पॅड अजून माझ्या खणात आहे, वाळून खडखडीत. तरीही मराठी विभागातल्या दर विसाव्या पुस्तकाची शेवटची पट्टी उघडून मी बिनदिक्कत लिहीत गेले, 'शेवटचा वापर २००९', 'शेवटचा वापर २०११'. नंतरची सगळी देवघेव सॉफ्टवेअरमध्ये पडून आहे. तिकडे फिरकलेच नाही. पट्टी हातात धरता येते, वाचताना मजा येते, एवढंच कारण.

ज्या माणसाने माझं ग्रंथालय कधी पाहिलं नाही त्याला हे दिसलं, आणि रोज काउंटरवर बसणाऱ्या मला दिसलं नाही. जेवणावर लक्ष नव्हतं.

गुरुवार

रागाने काल झोप लागली नाही, म्हणून आज शांतपणे पुन्हा वाचलं. परीक्षक बरोबर आहे.

हा विषय मी निवडलाच नव्हता. माझा पहिला विषय होता 'महाविद्यालयीन ग्रंथालयांत माहिती तंत्रज्ञानाचा वापर : एक अभ्यास'. आम्हा ग्रंथपालांतल्या दर दुसऱ्या माणसाने हा 'एक अभ्यास' केलेला असतो. प्रश्नावली वाटायची, वर्तुळाकार आलेख काढायचे, शेवटी 'प्रशिक्षणाची गरज आहे' म्हणायचं. बी.लिब.ला (ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला) शिकवलेले सर हसून म्हणाले होते, "तुम्हाला खरंच काय कळत नाहीये, ते लिहा."

मला कळत नव्हतं ते निर्लेखन, म्हणजे जुनी पुस्तकं नोंदीतून कमी करणं. जागा नाही, जुनी पुस्तकं काढा, असं ग्रंथालय समितीचं म्हणणं. काढायची कोणती? तेव्हा वाचायला घेतलं आणि अमेरिकन संशोधक रिचर्ड ट्रूझवेल सापडले. १९६९ साली त्यांनी मांडलं की साधारण ८० टक्के देवघेव २० टक्के पुस्तकांवरच होते. मग पिट्सबर्ग विद्यापीठाचा १९७९ चा अभ्यास. १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळपास ४० टक्के पुढच्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडणारे रंगनाथन १९३१ पासून सांगतायत, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. हे सूत्र परीक्षेत लिहून मी मार्क मिळवलेत. आपल्या कपाटांवर ते कधी ताडून पाहिलं नव्हतं.

पिट्सबर्गवर तेव्हाच टीका झाली होती, की जी पुस्तकं तिथेच बसून वाचली गेली त्यांचं काय? ते वाक्य मी वाचलं होतं, खाली पेन्सिलीने रेघही मारली होती. आज दुपारी एक पुस्तक काढून बसले, विहीर बागायतीवरचं. पट्टी कोरी, सॉफ्टवेअरमध्येही शून्य. आमचे परिचर मामा झाडू टेकवून म्हणाले, "मॅडम, हे काढू नका. एक पोरगं येतं, इथंच बसून उतरून घेतं. घरी नेत नाही, फाटलं तर दंड बसंल म्हणून."

मामांना हे कितीतरी वर्षं माहीत होतं. मी विचारलंच नव्हतं.

शुक्रवार

सकाळी व्हॉट्सॲपवर पुन्हा तोच निरोप : 'तीन दिवसांत प्रकाशन, १,२०० रुपये, प्रमाणपत्रासह.' गंमत म्हणजे अशा निरोपांपासून प्राध्यापकांना सावध करणं हे माझंच काम. अशा नियतकालिकांना 'भक्षक' हे नाव देणारे जेफ्री बील स्वतः ग्रंथपालच. यूजीसीने २०१८ मध्ये आपल्या मान्य नियतकालिकांच्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका झटक्यात काढली. तिच्या जागी पुढे आलेली यूजीसीची 'केअर' यादीही २०२५ मध्ये बंद झाली. तेव्हापासून स्टाफरूममधला 'केअरमध्ये आहे का हो?' हा प्रश्न माझ्याकडे येतो तो 'हे चालेल का हो?' असा होऊन. मी सांगते, संपादक मंडळातल्या कुणाला तरी ईमेल करून विचारा, जुना अंक उघडून वाचा, पैसे कशाचे मागतात ते पाहा. आपल्या ग्रंथालयशास्त्रात डेसिडॉक या सरकारी संस्थेचं जर्नल आहे, 'ॲनल्स ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन स्टडीज' आहे, दोन्ही लेखकाकडून पैसे घेत नाहीत. त्यांना वेळ मात्र लागतो.

तरी खरं सांगायचं तर बुधवारी रात्री तो निरोप मी दोनदा उघडला होता. तिथे पट्टीबद्दल कुणीही विचारलं नसतं.

शनिवार

परीक्षकाला उत्तर लिहायला घेतलं. 'आपला मुद्दा योग्य आहे' हे इंग्रजीत लिहायला पाऊण तास गेला. मग ठरवलं, सॉफ्टवेअरमधली देवघेव पट्टीला जोडायची आणि महिनाभर वाचनकक्षातली पुस्तकंही मोजायची. पाटी लावली : 'वाचून झालेले पुस्तक फळीवर ठेवू नये, टेबलावरच ठेवावे.' संध्याकाळी मामा नोंद करून फळीवर लावतील.

पाच वाजता टेबलावर चार पुस्तकं होती. त्यातली तीन स्पर्धा परीक्षेची, आणि एक कुणीतरी घरून आणून विसरलेलं. बाकी मुलांनी शिस्तीने सगळं परत फळीवर लावलेलं, तेही चुकीच्या बोधांकाला, म्हणजे भलत्याच जागी. सोमवारी पाटी मोठ्या अक्षरात लिहायची आहे, लाल मार्करने. मार्कर आणायला मामांना सांगितलंय.