कोठीची किल्ली

आमच्या घरात ‘चावी’ म्हटलेलं चालत नाही. चावी घड्याळाला देतात, कुलपाला किल्ली लागते, असं सासूबाईंचं म्हणणं. मी दादरची, त्या साताऱ्याच्या. गेली सव्वीस वर्षं मी चावी म्हणते आणि त्या न चुकता दुरुस्त करतात.

त्यांना तो अधिकारही आहे, कारण किल्ल्या त्यांच्याकडे आहेत. पितळी छल्ला, त्याला कमरेला खोचायचा आकडा आणि त्यात नऊ किल्ल्या. दोन गोदरेजच्या कपाटाच्या, एक दाराच्या लॅचची, एक देवघराखालच्या कप्प्याची, एक बँकेतल्या लॉकरची. एक ट्रंकेची, ट्रंक भंगारात जाऊन वीस वर्षं झाली. दोन कसल्या, ते आता त्यांनाही आठवत नाही. नववी सगळ्यांत लांब, लोखंडी, पोकळ नळीची. ती साताऱ्याच्या वाड्यातल्या कोठीची. वाडा पाडला, तिथे चार मजली इमारत उभी राहिली, खाली मोबाइलचं दुकान आलं. किल्लीला मात्र दर दिवाळीत खोबरेल तेलाचं बोट लागतं.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या महिनाभर पलंगाला खिळल्या. मालिकांचा त्यांना लवकरच वीट आला. “त्या बाईनं तिसऱ्यांदा दुधात विष घातलंय, आणि ही तिसऱ्यांदा पितेय,” असं वैतागून त्यांनी रिमोट माझ्याकडे दिला. मी दिग्दर्शक हिचकॉकचा ‘नोटोरियस’ लावला. १९४६ सालचा, काळापांढरा.

“कशावर आहे?”

“हेरांचा आहे, आई. महायुद्ध नुकतंच संपलंय.”

“म्हणजे ढिशुम ढिशुम.”

“एकसुद्धा गोळी सुटत नाही.”

हे ऐकून त्यांनी पाठीमागची उशी नीट केली. इंग्रजी त्यांना बेताचंच येतं आणि पडद्याखालची अक्षरं वाचेपर्यंत पळून जातात, त्यामुळे समालोचन माझ्याकडे होतं.

सिनेमा सुरू होतो तो मायामीच्या कोर्टात. २४ एप्रिल १९४६, दुपारचे तीन वीस. इतकी नेमकी वेळ पडद्यावर येते. एका जर्मन माणसाला देशद्रोहाबद्दल शिक्षा होते आणि त्याची मुलगी अलिशिया, म्हणजे इनग्रिड बर्गमन, त्या दुःखात नि संतापात दारूत बुडते. तिच्या घरच्या पार्टीत एक पाहुणा आपल्याकडे पाठ करून बसलेला असतो. बराच वेळ आपल्याला त्याचं नुसतं डोकं दिसतं. तो कॅरी ग्रँट, अमेरिकी सरकारचा हेर डेव्हलिन. युद्ध हरलेले काही जर्मन ब्राझीलमध्ये जमून काहीतरी शिजवतायत, त्यांच्यात शिरायला त्याला ही मुलगी हवी आहे. दोघं रिओला जातात. (खरे नट काही रिओला गेले नाहीत. ते स्टुडिओत आणि मागच्या पडद्यावर रिओ.) तिथे कामगिरीचा निरोप यायच्या आतच दोघं प्रेमात पडतात.

मग ते प्रसिद्ध चुंबन येतं. तेव्हाच्या हॉलिवूडमध्ये ओठाला ओठ तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायला नियमाची आडकाठी होती. हिचकॉकने काय केलं, तर त्यांना तीन सेकंद होऊ देण्याआधी बाजूला केलं, दोन शब्द बोलायला लावलं, पुन्हा जवळ आणलं. गच्चीतून फोनपर्यंत, फोनवरून दारापर्यंत, कॅमेरा त्यांच्या गालाला चिकटलेला, असं अडीच मिनिटं चालतं. सासूबाईंच्या शेजारी बसून ती अडीच मिनिटं काढणं हा वेगळाच अनुभव. मी पंख्याकडे पाहत होते.

“बोलतायत काय एवढं?” त्यांनी विचारलं.

“जेवणाचं. ती म्हणतेय, बाहेर नको जाऊया, घरात कोंबडी आहे, मी करते. तो विचारतोय, मग भांडी कोण घासणार.”

“खरंच?”

“खरंच. ती म्हणते, हातानेच खाऊ.”

त्या इतक्या हसल्या की गुडघा धरावा लागला. नंतर डेव्हलिन वरिष्ठांकडे जातो, येताना शँपेन आणायची म्हणून बाटली घेतो आणि ती तिथेच टेबलावर विसरतो. कारण तिथे त्याला कळतं, अलिशियाची कामगिरी काय आहे ते. तिच्या बापाचा मित्र, अलेक्झांडर सबॅस्टियन, एके काळी तिच्यावर जीव टाकत होता. त्याला गळाला लावायचं. डेव्हलिन परत येतो तेव्हा कोंबडी तयार असते, आणि तो तिला हे सगळं एखाद्या कारकुनासारखं सांगतो. ती वाट बघते, हा म्हणेल ‘जाऊ नकोस’. तो वाट बघतो, ही म्हणेल ‘मी जाणार नाही’. दोघंही म्हणत नाहीत. जेवण गार होतं.

“मेल्याच्या तोंडाला कुलूप,” सासूबाई म्हणाल्या.

मी हा सिनेमा चारपाच वेळा पाहिलाय, त्यावर बरंच वाचलंय. डेव्हलिनबद्दल याहून नेमकं काही वाचलेलं आठवत नाही.

जर्मनांचं गौडबंगाल कसलं, तर युरेनियमचं. ते तळघरात दारूच्या बाटल्यांमध्ये, काळ्या रेतीसारखं भरून ठेवलेलं असतं. पटकथा लिहायला घेतली तेव्हा हिरोशिमा व्हायची होती. हिचकॉक आणि लेखक बेन हेक्ट कॅलिफोर्नियात डॉ. मिलिकन या बड्या शास्त्रज्ञाकडे गेले आणि अणुबाँब केवढा असतो हो, असं विचारून आले. त्यानंतर तीन महिने गुप्त पोलीस माझ्या मागावर होते, असं हिचकॉक पुढे रंगवून सांगायचा. त्यातलं खरं किती नि तिखटमीठ किती, देव जाणे. माणूस गोष्टी सांगणारा होता. निर्माता सेल्झनिकला मात्र हे युरेनियम काही पचेना. त्याने नट, दिग्दर्शक, पटकथा असा सगळा संच आठ लाख डॉलर आणि नफ्यातला अर्धा वाटा घेऊन आरकेओ या सिनेमा कंपनीला विकला. हिचकॉकचं म्हणणं, युरेनियम नको तर हिरे घ्या, मला काही फरक पडत नाही. त्याची नजर युरेनियमवर नव्हतीच. ती तळघराच्या दारावर होती.

सबॅस्टियन अलिशियाला लग्नाचं विचारतो. ती लग्न करते. आणि माझ्या मते इथून सिनेमा हेरगिरीचा राहत नाही, घरातला होतो. रिओतला तो टोलेजंग बंगला, गोल वळत उतरणारा जिना, आणि त्या घरात सासू. लिओपोल्डीन कॉन्स्टंटिन या ऑस्ट्रियन नटीने ती केली आहे. अमेरिकेत तिने केलेला हा एकच सिनेमा. सबॅस्टियन झालेला क्लॉड रेन्स वयाने तिच्याहून जेमतेम तीन वर्षांनी लहान. पण ती जिना उतरून अलिशियाच्या दिशेने सावकाश चालत येते, तेव्हा कुणाच्या मनात वयाचा हिशोब येत नाही. मुलगा आपोआप लहान होतो.

मधुचंद्राहून परतल्यावर अलिशियाला घरातली कपाटं उघडायची असतात. वरवर निमित्त कपडे ठेवायचं. काही दारं बंद. नोकर म्हणतो, किल्ल्या मोठ्या बाईसाहेबांकडे. मग ती नवऱ्याला सांगते आणि नवरा आईच्या खोलीत जातो. दार लागतं. आतून दबक्या आवाजात वादावादी ऐकू येते. तो बाहेर येतो, जुडगा तिच्या हातात ठेवतो.

सासूबाई एव्हाना उशी सोडून ताठ बसल्या होत्या.

“मिळाल्या? आल्या आल्या?”

“हो.”

“मला अकरा वर्षांनी मिळाल्या.”

सिनेमा मी थांबवला. ही गोष्ट मला अर्धीमुर्धी ठाऊक होती, आज पुरी ऐकली. १९६२ साली त्या लग्न होऊन वाड्यात आल्या. आजेसासूबाईंच्या कमरेला हाच छल्ला. ते टंचाईचे दिवस, साखर रेशनवर. ती कोठीत कुलपाखाली असायची. चहाला रोज सकाळी आजेसासूबाई स्वतः उठून कोठी उघडत, वाटीने मोजून साखर देत आणि कुलूप ओढून बघत. पाहुणा अवेळी आला की सुनेने माजघराच्या दारात उभं राहून नुसतं बघायचं; मग त्या उठायच्या. शेवटी १९७३ मध्ये त्यांना दिसेनासं झालं तेव्हा छल्ला सुनेकडे आला. “आणि त्यात कोठीची नव्हतीच,” सासूबाई म्हणाल्या. “बाकीच्या सगळ्या होत्या. ती त्यांनी काढून उशाखाली ठेवली होती. त्या गेल्यावरच ती मिळाली.”

मी सिनेमा पुन्हा सुरू केला, कारण तिथेही नेमकं हेच होतं. जुडग्यात सगळ्या किल्ल्या आहेत, फक्त तळघराची नाही. ती सबॅस्टियनच्या स्वतःच्या छल्ल्यात. तिच्यावर कोरलेलं आहे, ‘युनिका’.

ती किल्ली अलिशिया चोरते तो प्रसंग काही क्षणांचा असेल, पण त्यात मला दर वेळी घाम फुटतो. नवरा शेजारच्या खोलीत, दारावर त्याची सावली हलतेय. टेबलावर त्याचा छल्ला. ती किल्ली काढून मुठीत घेते आणि तो बाहेर येतो. आपण संशय घेतला याची त्याला लाज वाटत असते, म्हणून प्रेमाने तिच्या दोन्ही मुठी हातात घेतो. एक मूठ उघडतो, तळव्यावर ओठ टेकतो. आता दुसरी उघडणार, तेवढ्यात ती त्याच्या गळ्यातच पडते. त्याच्या पाठीमागे किल्ली गालिच्यावर सोडते आणि पायाने टेबलाखाली सरकवते.

“बिचारा,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा जीव एव्हाना सबॅस्टियनवर जडला होता. “माणूस वाईट नाही गं. आईच्या मुठीत आहे एवढंच.”

मी नाझींबद्दल काहीतरी बोलू पाहिलं, पण त्यांना ते गौण वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर क्लॉड रेन्सने काम असं केलंय की मलाही तसंच वाटतं. तिच्यावर मनापासून प्रेम करणारा, ते तोंडाने बोलून दाखवणारा त्या घरात तो एकटाच.

मग ती मेजवानी. कॅमेरा वर छताजवळून सुरुवात करतो: खाली अख्खा दिवाणखाना, झुंबर, पाहुण्यांची गर्दी. तिथून तो खाली उतरत उतरत येतो, माणसं बाजूला पडत जातात, आणि शेवटी पडद्यावर उरते अलिशियाची मूठ, मुठीत किल्ली. ती डेव्हलिनला द्यायची आहे. शँपेनच्या बाटल्या बर्फातून एकेक कमी होतायत. संपल्या की सबॅस्टियन तळघरात जायला उठणार आणि छल्ल्यात किल्ली नाही हे त्याला कळणार. त्या बाटल्या संपवणाऱ्यांत स्वतः हिचकॉकही आहे, एक ग्लास घटाघटा पिऊन चालू पडतो. पुढचं सांगत नाही. किल्ली सापडत नाही तेव्हा सबॅस्टियन गप्प राहतो, आणि सकाळी उठून बघतो तर ती छल्ल्यात परत आलेली असते, एवढं पुरे. मग तो आईच्या पलंगाशी जाऊन बसतो. म्हणतो, आई, मी अमेरिकेच्या हेराशी लग्न केलंय. ती उठून बसते आणि पहिलं काम काय करते, तर सिगरेट पेटवते.

त्यानंतर कॉफी. पडद्यावर पुढ्यात भलाथोरला कप, मागे आजारी होत चाललेली अलिशिया. कप रोज येतो, सासू समोर बसलेली असते. एक दिवस घरी आलेला डॉक्टर चुकून तिचा कप उचलायला जातो आणि मायलेक एकदम ओरडतात. तेव्हा तिला कळतं.

“बघा,” मी म्हटलं, “इथेही विष.”

“पण ही हुशार आहे. हिला पहिल्यांदाच कळलं.”

इथे आम्ही चहाला थांबलो. मी कप आणला, त्यांनी हातात घेतला, आत वाकून पाहिलं आणि परत माझ्यापुढे धरला. “आधी तू.” मी एक घोट घेतला. “साखर कमी आहे,” मी म्हटलं. “मग घे की जाऊन, कोठीला आता कुलूप थोडंच आहे,” असं म्हणून त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या.

शेवट जिन्यावर होतो. डेव्हलिन अखेर तोंड उघडतो, तिला जे सांगायचं ते सांगतो, आणि तिला उचलून धरत एकेक पायरी उतरवतो. बाजूला सबॅस्टियन आणि त्याची आई, खाली त्याचे साथीदार वाट बघत उभे. कुणाला काही बोलता येत नाही, कारण जो बोलेल तो फसेल. बाहेर गाडीपाशी सबॅस्टियन अजिजीने म्हणतो, मलाही घ्या. डेव्हलिन आतून दाराचा खटका दाबतो.

“किल्ली लागलीच नाही शेवटी,” सासूबाई म्हणाल्या. आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सबॅस्टियन उघड्या दारातून उजेडात परत जात होता, दार बंद होत होतं.

मग मी त्यांना सांगितलं की ती किल्ली कॅरी ग्रँटने चित्रीकरण संपल्यावर स्वतःकडे ठेवली. वर्षानुवर्षं जपली, पुढे इनग्रिड बर्गमनला दिली, हिने मला यश दिलं, आता तुला देवो म्हणून. तिनेही सांभाळली. १९७९ साली हिचकॉकचा मोठा सत्कार झाला तेव्हा तिने भरसभेत ती त्याच्या हातात दिली. पुढच्याच वर्षी तो गेला.

“कोणत्या कुलपाची होती?”

“खरं कुलूप कुठलं, आई. स्टुडिओतला सेट. तो तेव्हाच मोडला असणार.”

“म्हणजे दार पण नाही.”

“दार पण नाही.”

“आणि तरी तिघांनी जपली,” असं स्वतःशीच म्हणत त्यांनी छल्ला उशीखाली सरकवला आणि मला सांगितलं, खोबरेलाची बाटली तेवढी दे.