ताडोबा बंद की चोबे चालू : आमची वाटचाल

आमचं ऑफिस म्हणजे नाशिकमधला एक गाळा, दोन टेबलं आणि भिंतीवर ताडोबाचा नकाशा. मी आणि माझा मेहुणा, दोघांनीच सुरू केलं, आधी अष्टविनायक, कोकण, मग हळूहळू ताडोबा आणि पेंच. जंगलाच्या टूर बऱ्या चालायच्या पण ताडोबाचा कोअर, म्हणजे आतला मुख्य भाग, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद, म्हणजे तीन महिने गाळ्याचं भाडं चालू आणि फोन गप्प. पावसाळ्यात धबधब्यांच्या वन-डे ट्रिप करून बघितल्या, त्यात पैसा थोडा आणि डोक्याला ताप जास्त.

मग असं जंगल शोधायला लागलो जे आपलं बंद असताना भरात असतं. मसाई मारा सगळेच करतात, मोठ्या कंपन्यांच्या रेटपुढे आमचा टिकाव लागला नसता, म्हणून आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या बोत्स्वाना देशातलं चोबे नॅशनल पार्क धरलं. तिथे साधारण मे ते ऑक्टोबर कोरडा सीझन, आत मोपाने झाडांच्या जंगलातले पाणवठे आटतात आणि हत्तींचे कळप रोज चोबे नदीवर उतरतात. बोत्स्वानात १ लाख ३० हजारांच्या आसपास हत्ती आहेत, आफ्रिकेत सगळ्यात जास्त, त्यामुळे ‘हत्ती दिसेल का हो?’ हा प्रश्न चोबेला सहसा येत नाही, ‘अजून किती हत्ती बघायचे?’ असा येतो. गंमत नदीची. तिला पूर येतो तो अंगोलाच्या डोंगराळ भागातल्या पावसाचा, तो पोचेपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो आणि नदीतलं सेडुडू बेट बरचसं पाण्याखाली जातं. पाणी ओसरलं की बेटावर हिरवंगार गवत, आणि ते खायला हत्ती चक्क पोहत जातात, पिल्लाला मध्ये घेऊन, पाण्याच्या वर फक्त सोंडा. गाईडने बोटीचं इंजिन बंद केलं की सोंडेतून फुर्रकन सुटणारा श्वास ऐकू येतो. (याच बेटावरून बोत्स्वाना आणि नामिबिया भांडत हेगच्या कोर्टात गेले होते, १९९९ मध्ये निकाल बोत्स्वानाच्या बाजूने लागला. हत्तींना व्हिसा तेव्हाही लागत नव्हता.)

आता खरी अडचण आपल्या पंचांगाची. ऑगस्ट-सप्टेंबर बेस्ट, पण गणपतीत घर सोडून कोण येणार? दिवाळीत यायला सगळे तयार पण तोवर सीझन संपत आलेला. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते पण तेव्हा आतल्या भागात पाणी शिल्लक असतं, कळप जमायला नुकती सुरुवात होते. शेवटी मेहुण्याने सुचवलं, पितृपक्ष! लग्नं नाहीत, खरेदी नाही, दुकानदार मंडळी मोकळी, रिटायर्ड लोक तर कायमच मोकळे. घरची तिथी सांभाळून तारखा काढायच्या एवढंच. आज आमचा सगळ्यात मोठा ग्रुप त्याच पंधरवड्यात जातो आणि काही काकू तर दोनदा येऊन गेल्या.

प्लॅनिंगमध्ये आम्ही एक गोष्ट हट्टाने पाळतो, पार्कला लागून असलेल्या कसाने गावात निदान तीन रात्री. व्हिक्टोरिया फॉल्स तिथून ८० किलोमीटरच आहे त्यामुळे बरेच जण सकाळी येऊन संध्याकाळी परत जातात, पण मग पहाटेची जीप सफारी हुकते आणि दुपारची बोट घाईत उरकावी लागते. जुलैच्या पहाटे उघड्या गाडीत जी थंडी वाजते त्याला कानटोपी लागतेच, आफ्रिका म्हणजे गरम असं डोक्यात घेऊन आलेले लोक लॉजची ब्लँकेटं पांघरून बसतात. बॉर्डरवर जंतुनाशकात भिजवलेल्या मॅटवर पाय ठेवून पुढे जावं लागतं, जनावरांच्या लाळ्या-खुरकूतसाठी, तेव्हा नवे पांढरे बूट घालून येऊ नका. व्हिसाचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे आणि बदलत राहतात, ते आम्ही प्रत्येक ग्रुपला नव्याने तपासतो. मलेरियाच्या गोळ्यांचं मात्र डॉक्टरांनाच विचारायचं, मला नाही. जैन जेवण लॉजवाले करतात पण आधी लेखी कळवावं लागतं, नुसतं ‘व्हेज’ म्हटलं की बटाटा हमखास ताटात. सोबत भडंग आणि मेतकूट असतंच.

२०२० मध्ये सगळं ठप्प झालं. तिकडच्या एका एजंटकडे आमचा अॅडव्हान्स अडकला तो अडकलाच, इकडे लोकांचे पैसे हप्त्याहप्त्याने परत केले, तेव्हा मेहुण्याने त्याची गाडी विकली. त्याच काळात, मे २०२१ मध्ये बोत्स्वाना आणि झांबियाला जोडणारा झांबेझी नदीवरचा काझुंगुला पूल सुरू झाला, आधी तिथे फेरीबोट होती आणि ट्रकांच्या लांबच लांब रांगा. पुलामुळे झांबियाच्या बाजूने, व्हिक्टोरिया फॉल्सजवळच्या लिव्हिंगस्टनहून येणं सोपं झालं आणि पुन्हा सुरू केलं तेव्हा आम्ही रूटच बदलला.

दिवाळीचे फोन अजूनही येतात. त्यांना सरळ सांगतो, ऑक्टोबरअखेर हत्ती असतात पण ऊन चाळिशीला टेकलेलं असतं, आणि पहिला चांगला पाऊस झाला की कळप आत पांगतात, गॅरंटी मागू नका. काही जण तरी जातात. बाकीचे ताडोबा बुक करतात, ते ऑक्टोबरपासून चालूच असतं.