खाडीसाठी दुसरा स्पिनिंग रॉड : पॉवर आणि अ‍ॅक्शनची पडताळणी

जिताडा आणि तांबोशी या दोन माशांसाठी, म्हणजेच खाडीच्या तोंडाजवळचे खडक, जुन्या जेटीचे खांब आणि खारफुटीच्या कडा अशा जागांसाठी, दुसरा स्पिनिंग रॉड घ्यायचे मागील नोंदीत ठरले होते. ती निवड आता तीन रॉडांपर्यंत आली आहे. तिन्ही ७ फुटांचे, दोन तुकड्यांचे आणि कार्बनचे असून सोबत गरवायला येणाऱ्या मंडळींकडून काही काळासाठी मागून आणलेले आहेत. तिघांवर एकच ३००० आकाराची रील आणि एकच २० पौंडी ब्रेडेड (विणलेल्या धाग्यांची) लाइन आलटून पालटून लावली, जेणेकरून जाणवेल तो फरक ब्लँकचाच, म्हणजे रॉडच्या मुख्य काठीचाच, असेल. पहिल्या रॉडवर ‘मीडियम, फास्ट’ (पहिला शब्द पॉवरचा, दुसरा अ‍ॅक्शनचा) असे छापलेले आहे आणि लूरचे, म्हणजे कृत्रिम आमिषाचे, वजन पाव ते पाऊण औंस, म्हणजे साधारण ७ ते २१ ग्रॅम, दिले आहे. दुसऱ्यावरही ‘मीडियम, फास्ट’ हेच शब्द आहेत, मात्र लूरचे वजन १० ते ३० ग्रॅम आहे आणि लाइनची जाडी पीई क्रमांकात दिली आहे. तिसरा ‘मीडियम हेवी, मॉडरेट फास्ट’ असून त्याचे लूर वजन १० ते ३५ ग्रॅम आहे. कंपन्यांची आणि मॉडेलांची नावे मुद्दामच देत नाही, कारण प्रश्न एखाद्या कंपनीच्या मालाचा नसून रॉडवर छापलेल्या शब्दांवर किती विसंबावे याचा आहे.

पॉवर म्हणजे ब्लँक वाकवायला किती बळ लागते आणि अ‍ॅक्शन म्हणजे तो कोठून वाकू लागतो, हे येथील बहुतेकांना ठाऊक आहे. फास्ट रॉड वरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात वाकतो, मॉडरेट निम्म्यापर्यंत वाकतो आणि स्लो रॉड जवळजवळ मुठीपर्यंत कमानीसारखा होतो. दुकानात मात्र या दोन गोष्टी सर्रास एकमेकींत मिसळल्या जातात आणि ‘फास्ट’ म्हणजे ‘कडक’ असे सांगितले जाते. तसे नसते. अल्ट्रालाइट रॉडही फास्ट असू शकतो आणि जाडजूड हेवी रॉडही स्लो असू शकतो. दुसरी अडचण अशी, की या शब्दांना सर्व उत्पादकांवर बंधनकारक असे कोणतेही समान माप नाही. एका कंपनीचा मीडियम हा दुसरीचा मीडियम लाइट ठरू शकतो, आणि त्याच कंपनीच्या गोड्या पाण्याच्या मालिकेतील मीडियम हा समुद्राच्या मालिकेतील मीडियमपेक्षा हलका असतो. त्यामुळे शब्द बाजूला ठेवून तिन्ही रॉड मोजून पाहणे आवश्यक वाटले.

मोजण्याची पद्धत माझी नाही. अमेरिकेतील डॉ. विल्यम हॅनेमन यांनी रॉड बांधणाऱ्यांसाठी ‘कॉमन सेंट्स’ नावाची पद्धत मांडली होती. रॉडची मूठ आडवी घट्ट बांधावी, शेंड्याला एक पिशवी लटकवावी आणि शेंडा रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश इतका खाली येईपर्यंत तीत एक सेंटची नाणी टाकत जावे, असे तिचे स्वरूप आहे. त्या वेळी पिशवीत जितकी नाणी असतील ती झाली पॉवर, आणि त्याच स्थितीत शेंडा आडव्या रेषेशी जो कोन करतो ती झाली अ‍ॅक्शन. कोन जितका मोठा, तितका रॉड फास्ट. अडीच ग्रॅमची अमेरिकी नाणी आपल्याकडे कोठून येणार? त्याऐवजी मी पातळ पिशवीत पाणी ओतत गेलो आणि शेवटी ती पिशवी स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवली. ७ फुटी रॉडसाठी एक तृतीयांश म्हणजे सुमारे ७१ सेंटिमीटर. शेंड्याच्या मूळ पातळीपासून तेवढे खाली भिंतीवर खडूची खूण केली की काम भागते. कोन मोजण्यासाठी बाजूने समपातळीत घेतलेले छायाचित्र पुरेसे होते.

पहिले दोन्ही रॉड कागदावर सारखेच असताना, दुसऱ्याला तेवढाच वाकवण्यासाठी पहिल्याच्या जवळजवळ दीडपट पाणी लागले. एवढेच नव्हे, तर तो तिसऱ्या ‘मीडियम हेवी’ रॉडच्या अगदी जवळ जाऊन बसला. म्हणजे पॉवरच्या शब्दावर विसंबून मी दुसरा आणि तिसरा यांत मोठा फरक मानला असता आणि पहिला व दुसरा एकाच मापाचे समजलो असतो. वस्तुस्थिती नेमकी उलट निघाली. लूरच्या वजनाचे आकडे मात्र या मोजणीशी बऱ्यापैकी जुळले. २१, ३० आणि ३५ ही वरची मर्यादा ज्या क्रमाने चढते त्याच क्रमाने पाण्याचे वजनही चढले. माझ्या मते रॉडवरील सर्वांत भरवशाची माहिती हीच असते, आणि मीडियम-हेवीच्या चर्चेत वेळ घालवण्याआधी ती वाचावी. पीई क्रमांकाबाबत एक सूचना नव्या मंडळींसाठी: तो लाइनची जाडी सांगतो, ताकद नव्हे. पीई १ म्हणजे साधारण ०.१६५ मिलिमीटर आणि पीई २ म्हणजे ०.२३५ मिलिमीटर; त्या जाडीची लाइन किती पौंडांना तुटते हे प्रत्येक विणीनुसार बदलते.

कोनाच्या बाबतीत छापील शब्द खरे ठरले, परंतु तेवढ्या वजनापुरतेच. पिशवीच्या चाचणीत पहिले दोन्ही रॉड स्पष्टपणे फास्ट होते आणि तिसऱ्याचा कोन त्यांच्यापेक्षा लहान होता. नंतर लाइनचे टोक खांबाला बांधलेल्या ताणकाट्याला अडकवले आणि खरोखर वापरतो तेवढा ड्रॅग (ज्या ताणाला रील लाइन सोडू लागते तो), म्हणजे लाइनच्या ताकदीचा चौथा हिस्सा, लावून तिन्ही रॉड ओढून पाहिले. २० पौंड म्हणजे ९ किलोग्रॅम, त्याचा चौथा हिस्सा सव्वादोन किलोग्रॅम. एवढा ताण येताच पहिला ‘फास्ट’ रॉड थेट मुठीच्या वरपर्यंत वाकला आणि त्याच्या खालच्या भागात राखून ठेवलेले बळ उरले नाही. तिसरा, नावाने मॉडरेट फास्ट असूनही, निम्म्यावर येऊन थांबला आणि तेथून पुढे ताठ राहिला. या संपूर्ण खटाटोपातून माझ्या हाती लागलेली मुख्य गोष्ट हीच आहे, की अ‍ॅक्शन हा ब्लँकचा कायमचा गुण म्हणून वाचता येत नाही. तो नेहमी कोणत्या तरी वजनाखालचा असतो, आणि ते वजन कोणते हे पॉवर ठरवते. लूर फेकताना २० ग्रॅमखाली दिसणारा फास्टपणा आणि मासा खडकाकडे निघाल्यावर सव्वादोन किलोखाली दिसणारा वाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानात शेंडा छताला टेकवून जे पाहिले जाते ते या दोहोंपैकी काहीच नसते. (शिवाय तसे केल्याने शेंडा मोडण्याचीच शक्यता अधिक.)

आता माशांकडे वळू. तांबोशी लूर घेताक्षणी वळून खांबात किंवा दगडात शिरू पाहतो, आणि पहिल्या काही हातांत त्याला रोखता आले नाही तर लीडर (लाइनच्या टोकाला बांधलेला जाड दोरीचा तुकडा) कालवांवर घासून तुटते. तेथे लागते ती खालच्या अर्ध्या भागातील पॉवर. जिताड्याचे गणित वेगळे आहे. त्याचे तोंड कठीण असते, त्यामुळे गरी रुतवण्यासाठी झटका पोचला पाहिजे. पण पाण्याबाहेर उसळून डोके हलवण्याची त्याची सवय पाहता, त्यानंतर लाइन क्षणभरही सैल पडता कामा नये. नायलॉनची लाइन स्वतः ताणली जाऊन हा धक्का सोसत असे. ब्रेडेड लाइन जवळजवळ ताणतच नाही, म्हणून ते काम आता रॉडच्या वरच्या अर्ध्या भागाला करावे लागते. मिनोसारख्या (छोट्या माशाच्या आकाराच्या कडक) लूरला असलेल्या तिहेरी गऱ्या बारीक तारेच्या असतात आणि थोड्याशा आधारावर अडकलेल्या असतात. फार ताठ आणि फास्ट रॉडने त्या तोंडातून निसटतात किंवा सरळ होतात. उलट जिगहेडवरच्या (वजनदार डोक्याच्या गरीवरच्या) सॉफ्ट प्लॅस्टिकची, म्हणजे मऊ लूरची, एकच जाड गरी रुतवायला फास्ट शेंडाच बरा, कारण त्यात झटका वाकण्यात वाया जात नाही आणि लूर तळाला टेकल्याचेही नीट कळते. पॉवरची निवड जागा आणि मासा पाहून करावी, तर अ‍ॅक्शनची निवड गरीचा प्रकार आणि लाइन पाहून करावी, अशी विभागणी मी आता मनाशी पक्की केली आहे.

लूरच्या वजनाचा हिशेब करताना एक गोष्ट हमखास सुटते. १४ ग्रॅमच्या जिगहेडवर चार इंची शॅड (माशाच्या आकाराचा सॉफ्ट प्लॅस्टिक) चढवला की एकूण वजन सहज २० ग्रॅमच्या पुढे जाते, म्हणजे पहिला रॉड तेथेच आपल्या वरच्या मर्यादेला भिडतो. रॉड त्याच्या मर्यादेच्या साधारण दोन तृतीयांश वजनाला सर्वांत मोकळा फेकतो असा माझा अनुभव आहे. माझ्या डब्यातील खाडीचे बहुतेक लूर १५ ते २५ ग्रॅमचे असल्याने हा आकडा दुसऱ्या आणि तिसऱ्या रॉडच्या पथ्यावर पडतो. मरळसाठी वापरायच्या फ्रॉगचा (बेडकाच्या आकाराच्या लूरचा) विचार या निवडीत धरलेला नाही. पाणवनस्पतींतून मरळ एका दमात ओढून काढायचा, तर हेवी आणि फास्ट असा स्वतंत्र रॉडच हवा, आणि तोच रॉड खाडीत चालवण्याचा हट्ट धरू नये.

पहिला रॉड चांगला असूनही या कामाचा नाही. वाळूच्या मोकळ्या किनाऱ्यावर, जेथे माशाला पळू देता येते, तेथे तो उत्तम चालेल. दुसरा आणि तिसरा यांत मी तिसऱ्याकडे झुकलो आहे, कारण माझे जिताड्याचे गरवणे बहुतांशी तिहेरी गऱ्यांच्या मिनोवर चालते आणि तांबोशीसाठी लागणारी खालची ताकद दोघांत जवळजवळ सारखीच आहे. ज्यांचा भर सॉफ्ट प्लॅस्टिकवर आहे, त्यांनी दुसराच घ्यावा. मागणी नोंदवण्यापूर्वी दोन गोष्टी तेवढ्या पाहायच्या आहेत: समोरच्या वाऱ्यात १२ ग्रॅमचा मिनो तिसऱ्या रॉडने कितपत पोचतो, आणि ४० पौंडी लीडरची गाठ त्याच्या शेंड्याकडच्या बारीक गाइडमधून (लाइन ओवायच्या कड्यांमधून) न अडखळता जाते की नाही. गाठ अडखळली, तर लीडर आखूड ठेवून ती शेंड्याबाहेरच राहू द्यावी लागेल.