मिंदोत कान उघडे ठेवून

इक्वेडोरची राजधानी क्विटोहून मिंदो या गावापर्यंतचा घाट, धुकं आणि बसमध्ये पोटात झालेली ढवळाढवळ याबद्दल काही लिहीत नाही. मिंदोला लोक जातात ते हमिंगबर्डसाठी. इक्वेडोर हा एवढासा देश, पण या पक्ष्याच्या साडेतीनशेहून जास्त जातींपैकी सुमारे 130 इथे सापडतात. अमेरिका खंडांबाहेर हा पक्षी कुठेच नाही. आपल्याकडे जास्वंदीवर येतो तो शिंजीर. त्याला हमिंगबर्ड म्हणणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय.

बागेत साखरेच्या पाण्याची भांडी टांगलेली, समोर बाकडी. मन लावून बघत बसलो होतो, तेवढ्यात एक मोठा ग्रुप आला आणि त्यांच्यातल्या एकाने चक्क स्पीकर लावला. हमिंगबर्डच्या बागेत गाणी लावणं म्हणजे गाण्याच्या बैठकीत मिक्सर चालवणं! अहो, या पक्ष्याला इंग्रजीत हे नाव पडलं तेच मुळी गुणगुणण्यावरून, आणि ते गुणगुणणंही गळ्यातलं नाही, पंखांचं. बागवाल्याला सांगितलं, तो नुसता हसला. गिऱ्हाईक कोण दुखावणार?

चडफडत मागच्या झुडपांकडे गेलो. कानाशी भुंगा आला म्हणून मान आखडून घेतली, तर समोर हवेत जागच्या जागी थांबलेला अंगठ्याएवढा हिरवा पक्षी. पायांत कापसाचे पांढरे बूट घातल्यासारखी पिसं, शेपटीतून निघालेल्या दोन बारीक काड्या आणि त्यांच्या टोकाला काळसर चकत्या. हा बूटवाला रॅकेट-टेल. चोच फुलात, डोकं स्थिर, पंखांच्या जागी नुसता धूसर पट्टा.

मग डोळे मिटून ऐकत राहिलो. पांढऱ्या मानेचा जॅकोबिन हा हमिंगबर्ड अंगाने मोठा, त्याची घरघर जाड. छोट्यांचा सूर वर चढलेला. कारण सरळ आहे: लहान जातींचे पंख सेकंदाला 50 ते 80 वेळा हलतात, आणि वेग जितका जास्त तितका सूर उंच. शिवाय हे पंख खाली येतानाच नाही, वर जातानाही पक्ष्याला उचलून धरतात. अँडीजच्या उंच भागातला सर्वांत मोठा हमिंगबर्ड सेकंदाला जेमतेम 15 वेळा पंख हलवतो. तो गुणगुणणार तरी काय?

स्पॅनिशवाल्यांनी कानांऐवजी डोळ्यांवर भरवसा ठेवलाय. पिकाफ्लोर म्हणजे फुलं टोचणारा, चुपाफ्लोर म्हणजे फुलं चोखणारा. ब्राझीलचे पोर्तुगीज बोलणारे तर त्याला फुलांचा मुका घेणारा म्हणतात. इक्वेडोरमध्ये किचुआ भाषेतला ‘किंदे’ हा शब्दही कानावर पडतो. मुका वगैरे ठीक आहे, पण भांड्यावर हे पक्षी एकमेकांच्या अंगावर ज्या त्वेषाने धावून जातात ते बघितलं की मला इंग्रजी नावच प्रामाणिक वाटतं.

स्पीकरवाले थोड्या वेळात कंटाळून निघून गेले. फोटो मात्र त्यांचेच चांगले आले असणार. माझ्या फोनमध्ये बहुतेक रिकाम्या फांद्या आहेत, आणि एका फोटोच्या कोपऱ्यात शेपटीची एक चकती.